उंबरवाडीला कोण सांगणार

ग्लासातलं पाणी चहासारखं दिसत होतं.

चौकीदाराच्या खोलीतला काचेचा ग्लास मी धरणाच्या पायथ्याशी, गवतातून येणाऱ्या पाण्याखाली धरला होता. उजेडाकडे उचलून बघितला.

"पावसाचा गढूळ असंल, मॅडम," चौकीदार म्हणाला. त्याचं नाव गणपत. धरण बांधलं तेव्हापासून तो तिथंच होता.

मी ग्लास ओतला, धुतला, परत भरला. तोच रंग. तळाशी बारीक माती बसायला लागली होती.

मी तेव्हा शाखा अभियंता होते. राहायला शहापूरजवळ सापगावला, आणि ताब्यात मुरबाड तालुक्यातली काही छोटी धरणं. छोटी म्हणजे अगदीच छोटी. भातसा धरणाला भातसानगर आहे, कॉलनी आहे, स्टाफ आहे, कंट्रोल रूम आहे. माझ्या धरणांना एक चौकीदार असायचा आणि एक कुलूप. या धरणाचं नाव मी सांगत नाही. खालच्या वाडीचं नावही बदललंय. उंबरवाडी म्हणू.

मातीचं धरण म्हणजे मातीचे थर दाबून दाबून बांधलेला बांध. असं धरण झिरपतंच. अजिबात झिरपत नाही असं कोणी सांगितलं तर त्यानं धरणाची खालची बाजू बघितलेली नाही, एवढंच समजायचं. झिरपणारं पाणी स्वच्छ असलं की आम्ही निर्धास्त असतो. ते गढूळ झालं तर ती माती कुठून आली, हा प्रश्न येतो. ती धरणाच्या पोटातून आलेली असते. पाणी आतली माती कणाकणानं बाहेर काढत असतं आणि आत एक बीळ तयार होत असतं. आम्ही त्याला पायपिंग म्हणतो. ते बीळ वरच्या जलाशयाला जाऊन भिडलं की मग करण्यासारखं काही उरत नाही.

पण गणपतचंही खरं असू शकत होतं. आठवडाभर पाऊस होता. उतारावरून लाल पाणी येतच होतं. म्हणून मी छत्री मिटली, गवत हातानं बाजूला केलं आणि पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधलं. ते वरून येत नव्हतं. जमिनीतून उकळी फुटल्यासारखं वर येत होतं, आणि त्याच्याभोवती बारीक रेतीचं कडं जमलं होतं. मुंग्यांच्या वारुळाच्या तोंडाशी असतं तसं.

याला बॉइल म्हणतात. मी तो पुस्तकात बघितला होता. समोर पहिल्यांदाच बघत होते, आणि माझ्या डोक्यावर पूर्ण भरलेलं धरण होतं.

फोनला रेंज फक्त धरणाच्या माथ्यावर मिळायची. मी चढून वर गेले, गणपत मागोमाग. एका बाजूला पाणी काठोकाठ, दुसऱ्या बाजूला खाली ओढा, ओढ्याच्या काठानं भातखाचरं आणि त्यापलीकडे उंबरवाडीची कौलं आणि निळे प्लास्टिकचे कागद. वरून सगळं एका नजरेत दिसायचं. त्या दिवशी ते दिसायला नको होतं.

कार्यकारी अभियंता साहेबांना फोन लावला. माझ्या वरचे साहेब. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते.

"साहेब, पायथ्याला गढूळ सीपेज आहे. बॉइल आहे."

"नक्की?"

"रेतीचं कडं आहे साहेब. दोनदा बघितलं."

मग म्हणाले, "पावसाळ्याआधीच्या तपासणीत आपण काय लिहिलंय माहितीय ना? धरण सुस्थितीत. माझी सही आहे त्याच्यावर."

"तेव्हा सुस्थितीतच होतं साहेब."

"ते मला कळतं हो. वरच्यांना कोण समजावणार? मी मशीनरी पाठवतो. पोकलेन, दगड, सगळं. उद्या सकाळपर्यंत पोहोचेल. तोपर्यंत तुम्ही लक्ष ठेवा."

"आणि उंबरवाडी?"

"कोणाला काही बोलायचं नाही. लोक हलवायचा निर्णय महसूलचा असतो, आपला नाही. तहसीलदारांना मी योग्य वेळी कळवतो. घबराट पसरली, चेंगराचेंगरी झाली, व्हिडिओ फिरले तर पहिली तुमची नोकरी जाईल. नंतर माझी."

"साहेब, ते ओढ्याच्या काठावर आहेत."

"मॅडम, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं साहेब."

फोन बंद झाला. त्यांचा आवाज कापत होता. ओरडले असते तर मला जरा बरं वाटलं असतं. घाबरलेल्या साहेबाची भीती आपल्याला लगेच लागते.

मी परत खाली उतरले. तिसरा ग्लास भरला. हा आधीच्यापेक्षा गडद होता.

माणूस अशा वेळी काय विचार करतो ते सांगते. मी पहिल्यांदा वाडीचा विचार केला नाही. मी असा विचार केला की आपण चुकत असलो तर? सगळी वाडी पावसात बाहेर काढली आणि काहीच झालं नाही तर ऑफिसात वर्षानुवर्षं हसतील. 'मॅडमनी ग्लासभर पाणी बघून धरण फोडलं' म्हणतील. मग दुसरा विचार आला, की चुकत नसलो तर? मी तिथल्या दगडावर बसले. दगड ओला होता, लगेच उठले.

गणपतला मी दोन कामं सांगितली. एक, जवळच्या गावात कोणाचं तरी घराचं बांधकाम चालू होतं, तिथून रेती, खडी आणि रिकामी पोती ट्रॅक्टरमध्ये घालून आणायची. मालकाला सांग, मॅडमनी मागितलंय. दोन, गेटचं हँडल खोलीतून बाहेर काढून ठेव.

गेट म्हणजे काय ते सांगायला हवं. धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून आपोआप वाहून जातं. सांडव्याला दार नसतं. पण धरणाची पातळी त्याच्या खाली आणायची तर एकच वाट, कालव्याला पाणी सोडायचं गेट. ते लोखंडी स्क्रूवर असतं, हँडल फिरवून उचलायचं. आमचं ते गेट बरेच महिने हललं नव्हतं.

"तुमी कुठं चालल्या?" गणपतनं विचारलं.

"वाडीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. साहेबांचं बोलणं त्यानं ऐकलं नव्हतं, पण माझं ऐकलं होतं. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "ते लोक तुमचा ऐकनार नाय."

"का?"

"सरकारचा ऐकत नाय ते आता."

वाडीत जायची पायवाट ओढ्याच्या कडेकडेनं होती. धरण फुटलं असतं तर पाणी त्याच वाटेनं आलं असतं. मी चालत होते आणि दर थोड्या वेळानं मागे वळून बघत होते. बांध तसाच उभा होता, हिरवागार, वर दोन गाई चरत होत्या. इतकं शांत दृश्य मी आयुष्यात इतकं घाबरून कधी बघितलं नाही.

उंबरवाडी कातकऱ्यांची. दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्ट्यांवर जाते, पण पावसाळ्यात सगळे घरी असतात. लावण्या संपल्या होत्या. माणसं दारात बसली होती, कोणी जाळं सांधत होतं, कोंबड्या पडवीत. माझी ओळख काळूरामशी होती. तिशी-पस्तिशीचा, वाडीतला बोलणारा माणूस. तपासणीच्या वेळी गवत काढायला मजूर लागले की तोच आणायचा. तो मला बघून उभा राहिला.

मी जे बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते. सरकारी भाषेची इतकी सवय झाली होती की तोंडातून दुसरं निघेना. "धरणाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनं, खबरदारीचा उपाय म्हणून, सर्व ग्रामस्थांनी तात्पुरतं शाळेत स्थलांतर करावं, असं आवाहन आहे."

एका बाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती.

"तात्पुरता म्हंजे किती?" काळूरामनं विचारलं.

"एक-दोन दिवस."

"कागद हाय का, म्याडम?"

"कागद नाही."

"मागल्या टायमाला कागद होता," तो म्हणाला. "शिक्का बी होता. साहेब लय ग्वाड बोलला. पूर येनार हाय, पोरांना घ्या, शाळेत चला. आमी गेलो. शाळेत खिचडी दिली. तिसऱ्या दिवशी परत आलो तं घरा नाय. जेसीबीनी सगळी साफ केली होती. सांगतात काय, अतिक्रमन होता, जमीन सरकारची हाय. पूर आलाच नाय, म्याडम. जेसीबी आला."

"माझी आई तेव्हा आजारी होती," मागून एक माणूस म्हणाला. "झाडाखाली मेली."

मला हे माहीत नव्हतं. ती नोटीस दुसऱ्या खात्याची, माझ्या बदलीच्या आधीची. मी तसं सांगितलं. "ते आमचं खातं नव्हतं."

"आमाला तं सगळी गाडी सारखीच दिसते," काळूराम म्हणाला. "पांढरी. वर लाल अक्षरा."

मी म्हणाले, घरं पाडणार नाहीत. त्यानं विचारलं, तुमी लिहून देता? माझ्या हातात ते नव्हतंच. मी लिहून दिलं असतं तरी त्या कागदाला कोणी विचारलं नसतं, आणि हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

वेळ जात होता. मी ओढ्याकडे बघितलं. पाणी वाढलंय असं वाटलं. खरंच वाढलं होतं की भीतीनं तसं दिसत होतं, सांगता येत नाही.

तेवढ्यात पडवीतून सोमीआजी बाहेर आली. काळूरामची आजी. कमरेत वाकलेली, डोळे मात्र लख्ख. ती माझ्या अगदी जवळ आली आणि माझे हात बघायला लागली. गवत उपसून ते चिखलानं भरले होते.

"गो बाय, तू थरथरते कशाला?"

"थंडी वाजतेय, आजी."

"थंडी नाय ती." तिनं माझं मनगट धरलं. "तुला कोनी धाडला? खरा सांग."

आणि मी खरं सांगितलं. मोठं धाडस करून वगैरे नाही. दुसरं काही सांगायचं त्राणच उरलं नव्हतं.

"कोणी नाही पाठवलं, आजी. साहेब म्हणाले, वाडीला काही सांगायचं नाही. सांगितलं तर नोकरी जाईल म्हणाले. मी न विचारता आलेय. धरणाच्या पोटातून माती येतेय. फुटेल की नाही मला माहीत नाही. पण माझी पोरं इथं असती तर मी आता त्यांना घेऊन वर पळाले असते."

कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

सोमीआजीनं माझं मनगट सोडलं आणि मागे वळून ओरडली, "उठा रे! सरकार नाय बोलत तं खरा हाय. पोरां घ्या!"

नोकरीत मी पुष्कळ भाषणं ऐकली. इतक्या लवकर माणसं उठलेली कुठंच बघितली नाहीत. कोणी प्रश्न विचारला नाही. म्हातारीच्या त्या एका वाक्यानं वाडी हलली. पातेली, गोधड्या, कोंबड्या, एक टीव्ही. पण शाळेत जायला कोणी तयार नव्हतं. ते वाडीच्या मागच्या टेकाडावर, माळावर जाणार होते.

"तिथून घरा दिसतात," काळूराम म्हणाला. "जेसीबी आला तरी दिसंल."

पावसात उघड्यावर बसायचं, पण घरावरची नजर काढायची नाही. मी म्हटलं, बसा. माळ उंच होता, मला तेवढंच हवं होतं.

मी परत निघाले तर काळूराम आणि आणखी काही माणसं माझ्याबरोबर यायला लागली. मी नको म्हणाले.

"माझ्या डोळ्यांनी बघू दे," काळूराम म्हणाला. "तुमच्यावर भरोसा हाय तो आजीचा. माझा अजून नाय."

धरणावर गणपतनं ट्रॅक्टर आणला होता. रेती होती, खडी होती, पोती होती. मी काळूरामला बॉइल दाखवला. तो वाकून बराच वेळ बघत होता. मग शर्ट काढून बांधाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "सांगा काय करायचा."

अशा जागी उपाय एकच असतो. पाणी अडवायचं नाही. अडवलं तर ते दुसरीकडून फुटतं. आधी रेतीचा थर, त्यावर खडीचा, त्यावर दगडांचा. पाणी बाहेर यावं, माती आत राहावी. चहाच्या गाळणीसारखं. आम्ही याला फिल्टर म्हणतो. माणसं पाट्या भरून आणत होती, मी थर लावून घेत होते. प्रत्येकजण मधूनच वर, बांधाकडे बघायचा. मीही बघायचे. काहीतरी हाताला काम होतं म्हणून उभे होतो, नाहीतर तिथं कोणी उभं राहिलं नसतं.

वर गेटपाशी गणपत आणि दोघं हँडलला लटकले होते. हँडल फिरेना. शेवटी त्यांनी हँडलवर लांब लोखंडी पाइप चढवला आणि सगळ्यांनी मिळून जोर लावला. लोखंड किंचाळल्यासारखा आवाज आला आणि स्क्रू फिरला. थोडासाच. पण कालव्यात पाणी यायला लागलं. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

पाणी निवळायला लागलं होतं. मला तसं वाटलं, काळूरामलाही वाटलं. तो हसलासुद्धा.

आणि मग आमच्या उजव्या हाताला, जिथं कोणी बघत नव्हतं तिथं, बांधाची गवतासकट एक लांब पट्टी खाली सरकली.

आवाज फार मोठा नव्हता. पोतं खाली टाकल्यासारखा. पण पायाखालची जमीन हलली. आणि त्या उघड्या पडलेल्या लाल मातीतून पाण्याची जाड धार बाहेर पडली. माणसाच्या कमरेएवढी जाड. लाल.

"पळा!"

मी ओरडले की कोणी दुसरं, माहीत नाही. सगळे पळाले. मी नाही. मला हलताच येईना. मी त्या धारेकडे बघत उभी होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती की आता बीळ जलाशयाला भिडलं. काळूरामनं दंडाला धरून मला ओढलं. आम्ही बांधाच्या कडेच्या खडकावर चढलो. माझी चप्पल खालीच राहिली.

ती धार ओढ्यात उतरली आणि ओढा एकदम फुगला. लाल पाणी वाडीकडे गेलं. खालच्या अंगाची चार घरं ओढ्याला लागून होती. पाण्यानं त्यांना आधी वेढलं. मग एकाचं छप्पर वाकडं झालं. मग ती चारही घरं, कुडं, कौलं, निळे कागद, सगळं एकमेकांत मिसळून पुढे गेलं.

माळावरून रडण्याचा आवाज आला. काळूराम माझ्या शेजारी उभा होता. त्यातलं एक घर त्याचं होतं.

आता धरण जाणार, याची आम्ही वाट बघत होतो. वाट बघणं हाच शब्द बरोबर आहे. आणि मग ती धार बारीक व्हायला लागली. आतलं बीळ वरच्या मातीच्या वजनानं कोसळलं होतं आणि स्वतःच बुजलं होतं. असं होतं कधीकधी. पुस्तकात त्याचं कारण दिलेलं आहे. मी त्याला नशीबच म्हणते. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

फिल्टर तसाच होता. गेटमधून पाणी जात होतं. पाऊसही कमी झाला. अंधार पडायच्या आत मी साहेबांना फोन केला. या वेळी मशीनरी उद्यावर राहिली नाही. पोकलेन आला, दगडांचे डंपर आले, साहेब आले, तहसीलदार आले, पोलीस आले, कॅमेरेवालेही आले. दोन-तीन दिवसांत पातळी खाली उतरली आणि धरण वाचलं.

माणूस एकही गेला नाही.

साहेबांनी मला जीपमध्ये बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. झोपले नव्हते.

"मॅडम, तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

मी जीपचं दार ओढून घेतलं.

"चौकशी लागेल आता. तुम्ही एवढंच सांगा, की मी फोनवर तोंडी आदेश दिला होता. वाडी हलवा म्हणून. तुमचंही काम होईल, माझंही. तुम्ही आदेशाप्रमाणे वागलात असं होईल. शाबासकी मिळेल."

"आणि तसं नाही सांगितलं तर?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तर तुम्ही आदेश मोडलात असं होईल."

घरी मी मिस्टरांना सांगितलं. ते शाळेत शिक्षक होते. म्हणाले, "माणसं वाचली ना? मग कोणी वाचवली याच्याशी काय करायचंय? सांगून टाक." त्यांचंही चुकत नव्हतं. मुलीचं शिक्षण चालू होतं. माझी निवृत्ती जवळ आली होती. धरणाखाली वाटली नव्हती इतकी भीती मला त्या आठवड्यात वाटली. पायथ्याशी होते तेव्हा पळायला खडक तरी होता.

चौकशी समितीसमोर मी जे झालं ते सांगितलं. काळूरामलाही बोलावलं होतं. त्याला अध्यक्षांनी विचारलं, "प्रशासनाकडून सूचना मिळाली तेव्हा तुम्ही तातडीनं सहकार्य केलंत, बरोबर?"

"नाय साहेब," तो म्हणाला. "सरकारची सूचना असती तं आमी बसलो असतो घरात. मेलो असतो. या बाईंना कोनी धाडला नव्हता म्हनून आमी उठलो."

अध्यक्ष हसले. टायपिस्टनं मान वर केली. "हे असं कसं लिहिणार?" अध्यक्ष म्हणाले. पुढे अहवाल आला त्यात लिहिलं होतं की प्रशासन आणि स्थानिक नागरिक यांच्या समन्वयानं जीवितहानी टळली.

साहेबांना काही झालं नाही. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, परवानगीशिवाय संवेदनशील माहिती दिली म्हणून. मी उत्तर दिलं. पुढे ते प्रकरण कुठल्यातरी कपाटात पडलं आणि माझी बदली ऑफिसात टेबलावर झाली. धरणं सुटली. चार घरांच्या नुकसानीचा पंचनामा झाला. पण ती घरं ज्या जमिनीवर होती ती जमीन कागदावर त्यांची नव्हती, त्यामुळे पंचनाम्याचं पुढे काही झालं नाही. काळूरामनं माळाच्या कडेला नवं घर बांधलं. कुडाचंच.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यात मी ऑफिसात फायली बघत होते. काळूरामचा फोन आला. मागे भोंग्याचा आवाज येत होता.

"म्याडम, जीप आलीया. सांगतात वाडी खाली करा. धरनाला धोका हाय. खरा का?"

"जीप कोणाची?"

"तहसीलची. नवीन साहेब हायेत. चांगले बोलतात. पन कोनी उठत नाय. सगळी बोलतात, आधी बाईंना विचार."

मी खुर्चीत सरळ बसले. मला त्या धरणाची आताची काहीच माहिती नव्हती. माझ्या जागी आलेला मुलगा नवा होता, त्याचा फोन लागेना. ऑफिसात विचारलं तर कोणाला काही माहीत नव्हतं. खरंच धोका असेल. नसेलही. कदाचित मागचा अनुभव बघून नवे साहेब प्रामाणिकपणे काळजी घेत असतील. आणि सगळी वाडी एका बाईच्या फोनसाठी खोळंबली होती, जी तिथून कितीतरी लांब, पंख्याखाली बसलेली होती.

"काळूदादा, मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी ते धरण यंदा बघितलेलं नाही. पण निघा. आत्ता निघा."

"तुमी सांगता ना?"

"हो. मी सांगते."

"मंग निघतो."

ते माळावर गेले. पाऊस पडला, धरणाला काही झालं नाही, घरंही कोणी पाडली नाहीत. नव्या साहेबांनी सांगितलं होतं ते खरंच होतं, धोका होता, फक्त तो टळला, आणि त्यांनी वेळेत सांगितलं होतं. त्यांनी आपलं काम चोख केलं. वाडीत त्यांचं नाव कोणाला माहीत नाही.

मी आता निवृत्त आहे. सापगावलाच असते. पावसाळ्यात अजून फोन येतो. कधी धरणासाठी, कधी लसीसाठी, कधी कुठल्यातरी सह्यांसाठी. म्याडम, हे खरा का? मी सांगते, मला यातलं कळत नाही. ते म्हणतात, तरी पन सांगा. लोक म्हणतात, तुमच्यावर केवढा विश्वास आहे, अभिमान वाटायला हवा. मला वाटत नाही. भीती वाटते. एवढी मोठी यंत्रणा उभी असताना एक वाडी एका म्हातारीच्या मोबाइलवर टांगलेली आहे. हल्ली मला दुपारी डुलकी लागते, आणि फोन वाजलेला ऐकू येत नाही.